मी गावोगाव सांगत फिरले तो आजार

ज्या बाईला आज-कालच कळलंय आणि जिला रडू येत नाही, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. रडू येत नाही म्हणजे आपल्यात काहीतरी खोट आहे, असं तिला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. खोट नसते. काहींना रडू येतं, काहींना येत नाही. मी जेवत होते, भांडी घासत होते, कामावर जात होते, आणि आतून सगळं थंड पडलं होतं, बर्फाच्या गोळ्यावर हात ठेवून बसल्यासारखं. तसं बरीच वर्षं राहिलं.

माझं नाव इंदू. माहेर हुबळीचं. वडील रेल्वेत खलाशी होते. आमच्या वस्तीत घरात मराठी, दारात कन्नड. शाळा कन्नड. दहावी झाले आणि दोन वर्षांनी लग्न होऊन हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरला आले. माझे मालक हुबळीला कोप्पीकर रोडवर एका कापडाच्या दुकानात कामाला होते. रोज बसनं जायचे-यायचे. वर्षातून चार-पाच वेळा शेठबरोबर माल आणायला इचलकरंजी, सुरतेकडं जायचे. घरात आम्ही दोघं, माझी सासू आणि मुलगी सुजाता.

सुजाता तीन वर्षांची झाल्यावर मला एक नोकरी लागली. धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या बाजूला एका लहान संस्थेची कचेरी होती. एचआयव्ही म्हणजे काय, तो कसा होतो, कसा होत नाही, हे खेडोपाडी जाऊन सांगायचं काम. त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही नीट बोलणारी बाई हवी होती, कारण अळणावर-हल्याळकडच्या गावांत मराठी लागते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या काळात बाईमाणसानं हे शब्द तोंडातून काढणं म्हणजे काय होतं, ते आता सांगून पटणार नाही. पहिल्या महिन्यात मी निरोधचं पाकीट दाखवताना नजर छताकडं ठेवायची.

माझ्याबरोबर नीलक्का असायची. पन्नाशीची, सवदत्तीकडची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण लग्नाची, बारशाची, दळणाची इतकी गाणी पाठ होती की कुठल्याही गावात ती बसून गायला लागली की बायका भोवती जमायच्या. गाण्याच्या चालीवरच ती आमचे शब्द बसवायची. गर्दी झाली की ती मला डोळ्यानं खुणवायची, मग मी चित्रांचा तक्ता उघडायची.

सभा बोलावली तर कोणी येत नसे. माणसं जिथं आपणहून जमतात तिथंच जायचं, असं ठरलेलं होतं. जत्रेत बांगडीवाल्याच्या आणि भजीवाल्याच्या मधे आमची ताडपत्री असायची. उरुसात जायचो. डोहाळजेवणाला जायचो, ओटी भरून झाली की अर्धा तास मागून घ्यायचो. जत्रेत पोरं निरोध फुगवून फुगे करायची आणि आमच्या डोक्यावरून सोडायची. नीलक्का म्हणायची, "फुगवू दे. रबर तरी ओळखीचं होतंय की."

संध्याकाळी घरी मी दुसऱ्या दिवशीचं भाषण म्हणून बघायची. सुरुवातीला अडखळायची, म्हणून ती सवय लागली होती. मालक कॉटवर पडून पेपर वाचत असायचे. मी चुलीपुढं बसून म्हणायची, "विचारायला लाजू नका. नवऱ्याला विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे." ते पेपर वाचत राहायचे. मला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही.

*

पंचमीची कल्पना नीलक्काची. नागपंचमीला आमच्या भागात सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोपाळे बांधतात, घरोघरी उंड्या, म्हणजे लाडू, करतात. आमच्या घरी पंचमी करत नाहीत, आम्ही बौद्ध. पण नीलक्काचं म्हणणं बरोबर होतं. ती म्हणाली, "सासरी पोरीच्या मागं सासू उभी असते. माहेरी आली की तोंड सुटतं. बोलायचं तर पंचमीलाच."

आमच्या साहेबांनी त्यात एक भर घातली. गावात बायका नेहमी विचारायच्या, तुम्ही स्वतः केली का तपासणी? आम्ही गप्प बसायचो. तेव्हा साहेब म्हणाले, पंचमीच्या आधी आपण सगळेच करून घेऊ, म्हणजे छातीठोकपणे सांगता येईल. आम्ही सात जण होतो. हसत-खेळत गेलो. नीलक्का सुईला घाबरली, तिचा हात मी धरला. मग माझं रक्त घेतलं. मला भीती वाटली नाही, वाटायचं कारणच नव्हतं.

निकाल सांगायचं काम कविताचं. ती आमचीच. पंचविशीची, शिकलेली, धारवाडची कन्नड मुलगी. तिच्याकडं मराठी बायका यायला लागल्यावर तिनं मला विचारून मराठी वाक्यं वहीत लिहून घेतली होती. आमच्यात दोघींत बोलणं नेहमी कन्नडमध्येच.

नीलक्का आत गेली आणि दोन मिनिटांत हसत बाहेर आली. मग मी गेले. कवितानं दार लावलं. खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली. आणि मराठीत म्हणाली, "तुमच्या रक्तात विषाणू दिसला आहे. याचा अर्थ उद्या काही होणार असा नाही. तुम्ही एकट्या नाही आहात."

ती माझी वाक्यं होती. 'आहात' वर थोडं थांबायचं, हेसुद्धा मीच तिला सांगितलं होतं. ती तिथं थांबली.

मी म्हटलं, "कविता, कन्नडमध्ये बोल."

 तिचे डोळे भरले होते. मीच तिला पाणी दिलं. मी विचारलं, "परत करायची ना? दुसऱ्या किटवर?" ती म्हणाली, "केली. तीन वेळा केली." पुढं काय सांगायचं असतं ते मला ठाऊक होतं. आहार, झोप, नवऱ्याची तपासणी, मुलाची तपासणी. मी मनातल्या मनात तिच्यापुढं पुढं धावत होते. ती काही म्हणायच्या आधीच मी मान हलवत होते.

बाहेर आले. नीलक्कानं विचारलं, "काय गं तंगी?" मला ती तंगीच म्हणायची, धाकटी बहीण. मी म्हटलं, "काही नाही."  मग काही न विचारता माझी पिशवी तिनं स्वतःच्या खांद्याला अडकवली. बस येईपर्यंत ती पिशवी तिच्याकडंच होती.

*

दुसऱ्या दिवशी पंचमी. साहेब म्हणाले, नको जाऊस. मी गेले. न जाऊन घरात काय करणार होते?

हल्याळच्या रस्त्यावरचं गाव. चिंचेच्या झाडाला दोन झोपाळे. वीस-पंचवीस पोरी, नव्या साड्या, हातात शेंगदाण्याच्या उंड्या. नीलक्कानं गाणं धरलं. मी तक्ता उघडला आणि बोलायला लागले. सगळं बोलले. एक शब्द चुकला नाही. कसा होतो, कसा होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, मच्छर चावल्यानं होत नाही. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू येत होता. छान बोलते बाई, असं मला वाटलं. खरंच तसंच वाटलं.

शेवटी एक पोरगी झोपाळ्यावरून उतरून पुढं आली. अठरा-एकोणीसची असेल. नवरा गोव्याला कामाला, असं तिनं सांगितलं. म्हणाली, "अक्का, तुम्ही म्हणता नवऱ्याला विचारा. पण विचारायचं कसं? पहिलं वाक्य काय म्हणायचं?"

हा प्रश्न मला आधी पन्नास वेळा आला होता. उत्तर पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी सात वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. सुरतेला कुठं राहता, रात्री काय करता, काहीच नाही. विचारावं असं वाटलंच नव्हतं. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांना विचारायला शिकवत होते.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाई."

पोरी हसल्या. त्यांना वाटलं, मी चेष्टा केली. नीलक्कानं दुसरं गाणं धरलं. त्या पोरीनं माझ्या हातात एक उंडी ठेवली आणि परत झोपाळ्याकडं गेली. पुढं तिचं काय झालं, मला कळलं नाही. मी त्या गावी पुन्हा गेले, तेव्हा ती आली नव्हती.

*

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासू सुजाताला घेऊन शेजारी गेली होती. मालक कॉटवर होते.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माझी रक्ताची तपासणी झाली."

कसली, असं त्यांनी विचारलं नाही. पेपर घडी करून उशाला ठेवला. तेव्हाच मला कळलं.

"तुमची कधी झाली?" मी विचारलं. पहिलं वाक्य हेच असतं, ते मला असं कळलं.

"दोन वर्षं झाली. बेळगावात केली. इथं कोणी ओळखेल म्हणून."

"आणि मला?"

ते उठून बसले. मग म्हणाले, "तू रोज चुलीपुढं बसून म्हणायचीस. विचारा, नवऱ्याला विचारा. मला वाटायचं, हिला कळलंय. मलाच ऐकवालीय. मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"तू विचारशील त्याची."

मी भाकरी थापायला बसले. आमच्या घरी पाच भाकरी लागतात. त्या दिवशी मी नऊ थापल्या. पीठ संपलं तेव्हा लक्षात आलं. ते मागं येऊन उभे राहिले, म्हणाले, "शिव्या दे. मार." मला दोन्ही करता आलं नाही. भाकरी जळत होती, ती उलटली.

लोक विचारतात, राग आला नाही का? आला. पण तो खूप उशिरा आला, ते गेल्यावर. आणि तेव्हा राग काढायला समोर माणूस नव्हतं.

सुजाताची तपासणी करायला मी तिला घेऊन एकटीच दुसऱ्या एका लॅबमध्ये गेले. तिला सांगितलं, शाळेसाठी करायची आहे. तिथं निकालाला आठवडा लागायचा. तो आठवडा मला आठवत नाही, अजिबात आठवत नाही. एवढंच आठवतं की निकाल द्यायला बसलेल्या म्हाताऱ्या लॅबवाल्यानं कागद उघडला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "इल्ल." नाही. मी तसाच हात पुढं करून उभी होते. त्याला वाटलं, मला कन्नड येत नाही. मग हिंदीत म्हणाला, "नहीं है, अम्मा. बच्ची को कुछ नहीं है. जाओ, घर जाओ."

ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी. त्याही दिवशी मला रडू आलं नाही. आम्ही दोघी बसस्टँडवर उसाचा रस प्यायलो.

*

दोन वर्षं मालक कामावर जात राहिले. मग खोकला लागला, वजन उतरलं. टीबी निघाली. एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं होतं, पण तिथं रक्ताचा कागद बघितल्यावर डॉक्टर आत गेले ते बाहेरच आले नाहीत. नर्स येऊन म्हणाली, इथं सोय नाही. म्हणून हुबळीच्या सरकारी इस्पितळात नेलं.

तिथले दिवस सगळे एकसारखे. सकाळी उठून स्वयंपाक, सुजाताला शाळेत सोडायचं, डबा घेऊन बस. त्यांना तोंड धुवायला पाणी, कपडे बदलणं, गोळ्या, डॉक्टरांची फेरी. दुपारी मी कॉटखाली सतरंजी टाकून पडायची. संध्याकाळी सासू यायची, मी घरी जायची. कचेरीनं मला बैठं काम दिलं होतं, तेही मी आठवड्यातून दोन दिवस करायची.

सासूला मी सगळं सांगितलं होतं. मालक स्वतः सांगतील अशी वाट बघितली, पण त्यांनी सांगितलं नाही. ती म्हणाली, "ह्या तुझ्या कामावरनंच आलं हे घरात. जत्रंत कुणाकुणात बसतीस, कुणाच्या हातचं खातीस." मी समजावलं नाही. सगळ्या जिल्ह्याला समजावणारी मी, घरात तोंड उघडलं नाही. मालक ऐकत होते. तेही म्हणाले नाहीत की आई, हे माझ्याकडून आलं. त्या गोष्टीसाठी मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. हे लिहिते आहे कारण माफ न करताही माणसाची सेवा करता येते. मी केली.

एके दिवशी अंथरुणातच त्यांच्याकडून घाण झाली. मला एकटीला उचलवेना. वॉर्डात झाडलोट करणारी एक बाई होती, जाडजूड, तोंडात पान. ती न बोलावताच आली आणि दोन्ही हात त्यांच्या काखेत घालून त्यांना उचलून धरलं. हातात मोजे नव्हते. मी म्हटलं, "अक्का, मोजे घाला. घाणीला मोजे घालावेत."

ती म्हणाली, "आता उचलू की मोजे शोधू? तुम्हीच सांगितलंय की हात लावल्यानं होत नाही."

"मी?"

"आमच्या गावच्या जत्रंत. बांगड्यांच्या दुकानाशेजारी बसला होता. ती म्हातारी गात होती, तुम्ही चित्रं दाखवत होता. मी भजी खात ऐकत होते." तिनं चादर ओढली, नवी घातली. "मला काय वाटलं, बाई बोलतीय तर खरं असंल."

मी तिला हात धुवायला साबण दिला. त्या जत्रेत आम्हाला वाटलं होतं, आज कोणी ऐकलं नाही, दिवस फुकट गेला.

मालक त्याच महिन्यात गेले. सकाळची फेरी नुकतीच झाली होती. मी त्यांची नखं कापत होते. डाव्या हाताची झाली होती.

*

सासूनं सगळ्यांना सांगितलं, टीबीनं गेला. मीही तेच म्हटलं. पुढची काही वर्षं आमच्या घरात तेच उत्तर होतं.

त्यानंतर माझी पाळी आली. तोंडात पांढरा थर आला, भाकरी गिळेना. जिन्याच्या चार पायऱ्यांवर दम लागायचा. आरशात बघायचं मी सोडून दिलं होतं. औषधं होती, पण ती आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हती. नीलक्का दर रविवारी ताकातली अंबील घेऊन यायची आणि मी पिऊन होईपर्यंत समोर बसायची. एकदा तिनं विचारलं, "भीती वाटते काय?" मी म्हटलं, "नाही." खरंच वाटत नव्हती. मी मरेन, सुजाता आजीकडं राहील, असं मी भाजी आणायचं ठरवावं तसं ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "भीती वाटत नसंल तर ते वाईट लक्षण हाय. भीती वाटून घे थोडी."

मग सरकारी गोळ्या फुकट मिळायला लागल्या. कविता धावत घरी आली आणि दारातूनच ओरडून सांगितलं. रांगेत उभी राहिले, रक्त दिलं, गोळ्या मिळाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, बारा तासांच्या अंतरानं, जन्मभर. पहिला महिना उलट्या, डोकं गरगरणं. सोडून द्यावंसं वाटलं होतं. तुम्हालाही वाटेल. सोडू नका. डॉक्टरांना सांगा, पण सोडू नका. आख्ख्या लिखाणात उपदेश म्हणावा तर एवढाच.

गोळीची आठवण सासू करायची. तिला घड्याळ कळत नाही. पण रेडिओवर बातम्या लागल्या की ती पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवायची.  तिनं मला कधी जवळ घेतलं नाही की चुकले असं म्हटलं नाही. तांब्या मात्र एकही दिवस चुकला नाही.

सहा महिन्यांत मी माणसात आले. वजन वाढलं, भूक लागली. फक्त पायांना मुंग्या यायला लागल्या आणि मग तळवे बधिर झाले. एकदा बाजारातून येताना एक चप्पल कुठं निसटली, मला कळलंच नाही. सुजाता म्हणाली, "मम्मी, एकाच पायात चप्पल आहे." डॉक्टरांनी गोळी बदलली. थोडं बरं झालं, पूर्ण नाही. अजूनही सकाळी उठल्यावर जमीन लागायला मला वेळ लागतो.

*

मी परत फिरतीवर जायला लागले. नीलक्का थकली होती, पण जत्रेला यायची. आता आजार झालेली माणसं स्वतः पुढं येऊन बोलायला लागली होती, बंगळुरात, मिरजेत. साहेबांनी मला एकदाच विचारलं होतं, तू बोलशील का. मी नाही म्हटलं होतं. सुजाता शाळेत होती, सासू म्हातारी होती, ही कारणं होतीच. पण खरं कारण हे की मला त्याबद्दल काही वाटतच नव्हतं. जे वाटत नाही ते लोकांपुढं काय बोलायचं?

बुद्ध पौर्णिमेला हुबळीत आमच्या माहेरच्या वस्तीत विहारापुढं कार्यक्रम असतो. वंदना, मुलांची गाणी, मग खीर. त्या वर्षी तिथल्या मंडळींनी मला बोलायला बोलावलं. सासू आणि सुजाता दोघी बरोबर आल्या होत्या. दीडशे माणूस असेल. मी नेहमीसारखी सुरुवात केली. पाच मिनिटं झाली असतील, तोच मागून एक ओळखीचे काका उठले. वडिलांबरोबर रेल्वेत होते. चांगला माणूस. मला लहानपणी खांद्यावर घेतलेलं. ते म्हणाले, "पोरी, हे चांगलं काम हाय. पण आजच्या दिवशी आपल्या वस्तीत कशाला? ज्यांच्या घरात असले धंदे चालतात तिथं जाऊन सांग. आपल्यात असलं काय न्हाई."

माझ्याजवळ त्यालाही उत्तर पाठ होतं. ते दिलं नाही.

मी म्हटलं, "काका, मला आहे. सहा-सात वर्षं झाली. माझे मालक टीबीनं गेले असं आम्ही सांगितलं, पण त्यांनाही हेच होतं. मी गोळ्या घेते. तुमच्यासमोर उभी आहे."

 कोपऱ्यात खिरीच्या पातेल्यापाशी कुणाच्या तरी हातातला डाव खाली पडला. काका उभेच होते. मग ते हळूच खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी राहिलेलं बोलले आणि उतरले. सुजाता धावत आली, माझा हात घट्ट धरून उभी राहिली. तिला मी आदल्या वर्षीच सगळं सांगितलं होतं. सासू तिच्या जागेवर नव्हती.

खीर वाटली. मला कोणी देईल की नाही, असं वाटलं. दिली. दोघी-तिघींनी जरा लांबून दिली, बाकीच्यांनी नेहमीसारखी. काका जाताना माझ्यापाशी थांबले. "तुझ्या बापाला बोलायला जमलं नसतं हे," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गल्लीतली एक बाई कवितापुढं येऊन बसली. नाव सांगितलं नाही, तपासणी करून गेली.

आम्ही रायापूरला घरी आलो. सासू आमच्या आधीच बसनं येऊन पोचली होती. उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. मला वाटलं, आता बोलणार, अब्रू घालवलीस म्हणणार. सुजाताला मी आत पाठवलं.

"मालक," सासू म्हणाली. "मालक, मालक काय लावलं होतंस?"

मला कळलं नाही.

"सगळ्यांसमोर म्हणालीस, माझे मालक. कोण मालक? त्याला नाव न्हवतं काय? मी ठेवलेलं नाव हाय. बारा वाजता उनात जन्मला, मी ठेवलं. इतकी वर्षं मी टीबी, टीबी म्हणत बसले. लाज वाटायची म्हणून नावच घेत न्हवते घरात. तू बी घेतलं न्हाईस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगायचंच होतं तर नाव घेऊन सांगायचं."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, तेवढंच. लग्नात घेतलं होतं मी. त्यानंतर कधी नाही. इस्पितळाच्या कागदावरसुद्धा मी लिहून दिलं होतं, उच्चारलं नव्हतं.

"म्हण," सासू म्हणाली.

"आता?"

"आता न्हाई तर कधी? म्हण."

"परशराम," मी म्हटलं.

"ऐकू येत न्हाई."

"परशराम!"

आतून सुजाता बाहेर आली. तिनं दाराबाहेर बघितलं, मग आमच्याकडं. "कोण आलंय?" तिनं विचारलं.

"कोण न्हाई," सासू म्हणाली. "तुझ्या बापाला हाक मारली आईनं."